कार्थेजची कसोटी

सुखाच्या दिवसांत धर्माची भाषा सोपी असते. घरांत धान्य आहे, मुलेंबाळें निरोगी आहेत, राज्यकर्त्यांची वक्रदृष्टि नाहीं, अशा वेळीं ईश्वर दयाळू आहे असें म्हणावयास फारसें धैर्य लागत नाहीं. मनुष्याला पिढ्यान् पिढ्या छळणारा प्रश्न निराळाच आहे. जो श्रद्धावान् आहे त्याच्याहि वांट्याला दुःख कां यावें, आणि यावयाचेंच असेल तर त्यानें तें कोणत्या अर्थानें स्वीकारावें? ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न जन्मापासूनच चिकटलेला आहे. कारण ज्या धर्माचें चिन्हच वधस्तंभ, त्याला दुःखाकडे पाठ फिरवून चालणारें नव्हतें. जुन्या करारांतील ईयोबाचें पुस्तक सबंध याच प्रश्नावर उभें आहे, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रांत विश्वासाच्या परीक्षेला अग्नींत पारखल्या जाणाऱ्या सोन्याचा दृष्टांत दिला आहे. तथापि ग्रंथांतील उत्तर आणि जीवनांतील उत्तर यांत बरेंच अंतर असतें. तें अंतर एका शहरानें दहा वर्षांच्या आंत कसें अनुभविलें, याचा इतिहास तिसऱ्या शतकांतील कार्थेजच्या ख्रिस्ती मंडळीनें मागें ठेवला आहे.

कार्थेज हें आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील, आजच्या ट्युनिस शहराजवळील प्राचीन बंदर. इ. स. पूर्व १४६ मध्यें रोमनांनीं तें जमीनदोस्त केलें, आणि पुढें शंभर वर्षांनीं त्यांनींच तें पुन्हां वसविलें. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं तें आफ्रिका प्रांताची राजधानी होतें आणि धान्य व तेल यांच्या व्यापारावर संपन्न झालें होतें. याच शहरांत ७ मार्च २०३ रोजीं पर्पेतुआ नांवाची सुमारें बावीस वर्षांची, अंगावर पाजतें मूल असलेली कुलीन स्त्री आणि फेलिसितास नांवाची दासी यांना इतर सोबत्यांसह रंगणांत श्वापदांपुढें सोडण्यांत आलें. पर्पेतुआनें तुरुंगांत लिहिलेलीं टिपणें आजहि उपलब्ध आहेत. फेलिसितास तुरुंगांतच आठव्या महिन्यांत प्रसूत झाली. वेणांनीं ती विव्हळत असतां एका पहारेकऱ्यानें तिला हिणविलें, कीं एवढ्यानें ओरडणारी ही बाई श्वापदांपुढें काय करणार? तिच्या उत्तराचा आशय असा होता, कीं प्रसूतीच्या वेदना तिच्या एकटीच्या होत्या. रंगणांत मात्र तिच्या ठायीं दुसरा कोणी सोसणार होता, कारण तीहि त्याच्यासाठींच सोसणार होती. एका दासीच्या या उत्तरांत ख्रिस्ती दुःखविचाराचें बीज सांठविलेलें आहे. दुःख टळेल असें तिनें म्हटलें नाहीं. त्यांत आपण एकटे नसतों, एवढेंच तिचें म्हणणें होतें.

अशा मरणाला त्या लोकांनीं दिलेलें नांवहि लक्षांत घेण्यासारखें आहे. ग्रीक भाषेंत साक्षीदाराला जो शब्द होता, तोच पुढें धर्मासाठीं मरणाऱ्याला लागला, आणि मराठी ख्रिस्ती लेखकांनीं ‘रक्तसाक्षी’ या शब्दांत दोन्ही अर्थ नेटकेपणानें एकत्र आणले. कार्थेजला आपल्या रक्तसाक्षींचा मोठा अभिमान होता. त्याच शहरांतील प्रखर लेखक तेर्तुल्यन यानें उत्तरवयांत असें प्रतिपादिलें होतें, कीं छळ ईश्वराच्या इच्छेनेंच येतो, म्हणून ख्रिस्ती मनुष्यानें छळापासून पळून जाणें योग्य नाहीं. मापदंड असा उंच टांगला गेला, आणि नंतर पस्तीस-चाळीस वर्षें बहुतांशीं शांततेंत गेलीं. मंडळी वाढली. तिच्यांत व्यापारी आले, जमीनदार आले, आईबापांमागून सहजच ख्रिस्ती झालेलीं माणसें आलीं. कांहीं बिशपसुद्धां आपला कळप सोडून दूरच्या बाजारपेठांतून नफा शोधीत फिरूं लागले व व्याजबट्टा करूं लागले, अशी तक्रार पुढें त्यांच्यांतल्याच एकानें केली आहे.

तो एक म्हणजे सिप्रियन. मूळचा हा वक्तृत्वशास्त्राचा नामांकित शिक्षक आणि सुखवस्तु गृहस्थ. इ. स. २४६ च्या सुमारास त्यानें बाप्तिस्मा घेतला, आपल्या मालमत्तेचा मोठा भाग गरिबांना वांटून दिला, आणि दोन-तीन वर्षांतच लोकाग्रहानें तो कार्थेजचा बिशप झाला. पांच जुन्या वडिलांना ही निवड रुचली नाहीं व तें शल्य त्यांनीं मनांत जपून ठेविलें. सिप्रियन रोज तेर्तुल्यनचे ग्रंथ वाचीत असे व ते मागवितांना त्याचा उल्लेख ‘गुरु’ असा करीत असे, अशी आठवण पुढें जेरोमनें नमूद केली आहे. त्या गुरूच्या शिकवणीशींच शिष्याची गांठ लौकरच पडावयाची होती.

इ. स. २४९ मध्यें डेशियस रोमच्या गादीवर आला. सरहद्दीवर गॉथ लोकांच्या धाडी चालू होत्या आणि सत्तेसाठीं सेनापति एकमेकांशीं झुंजत होते. देवांचा लोप पावलेला मान परत मिळाला तर राज्याचें भाग्यहि परत येईल, अशी त्याची समजूत असावी. त्यानें फर्मान काढलें, कीं साम्राज्यांतील सर्वांनीं देवांना यज्ञ अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा. ईजिप्तच्या वाळूंत अशा चाळीसांहून अधिक दाखल्यांचे पपायरस सांपडले आहेत. ते २५० च्या उन्हाळ्यांतील आहेत. अर्जदार त्यांत सांगतो, कीं आपण नेहमींच देवांना भजत आलों, आणि आतांहि अधिकाऱ्यांसमक्ष तर्पण करून प्रसादाचा अंश चाखला. खालीं अधिकाऱ्याची साक्ष असते. छळाचें हें रूप नवें होतें. पूर्वीं कोणी चुगली केली तर एखादा ख्रिस्ती पकडला जाई; आतां प्रत्येकाला स्वतः चालत जाऊन उत्तर द्यावयाचें होतें.

कार्थेजच्या मंडळीनें दिलेलें उत्तर तिच्या परंपरेला शोभणारें नव्हतें. मंदिराच्या टेकडीवर एवढी गर्दी उसळली, कीं सायंकाळ झाल्यामुळें अधिकाऱ्यांनीं कांहींजणांना उद्यां या म्हणून सांगितलें, तर तेच काकुळतीला येऊन आजच काम उरकण्याचा आग्रह करूं लागले. आईबापांनीं तान्हीं मुलें कडेवर घेऊन नेलीं. कोणीं पशु बळी दिला, कोणीं चिमूटभर धूप जाळला, आणि ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं कांहींच न करतां लांच देऊन नुसता दाखला मिळविला. अर्थात् न डगमगणारेहि होते. ते तुरुंगांत गेले, भुकेनें व यातनांनीं कित्येक मेले, आणि जे उरले त्यांना मंडळींत ‘कबुली देणारे’ म्हणून फार मान मिळाला.

आणि बिशप? तो शहर सोडून लपला होता. रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजीं प्राणास मुकला होता. त्यामुळें रोमच्या धर्मसेवकांनीं कार्थेजला लिहिलेल्या पत्रांत मेंढरें टाकून जाणाऱ्या मेंढपाळाविषयींची खोंच स्पष्ट दिसते. सिप्रियननें आपली बाजू मांडली, कीं जमावाला तो डोळ्यांसमोर नको होता, त्याच्या उपस्थितीनें मंडळीवरील रोष वाढला असता, आणि शरीरानें दूर असला तरी पत्रांनीं, पैशानें व प्रार्थनेनें तो जवळच होता. त्याचीं त्या काळांतील पत्रें वाचणारास हा दावा खोटा म्हणतां येत नाहीं. पण तेर्तुल्यनच्या मापानें मोजलें तर शिष्य उणा ठरला होता, आणि हें त्याचें त्यालाहि उमजत असलें पाहिजे. पुढील आठ वर्षांचें त्याचें वर्तन ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवून पाहिलें पाहिजे.

छळाचा जोर वर्षभरांत ओसरला. डेशियस २५१ मध्यें गॉथांशीं लढतांना पडला. आतां पतित झालेले लोक मंडळीच्या दाराशीं परत आले, आणि परीक्षेपेक्षांहि अवघड प्रश्न उभा राहिला. परीक्षेंत नापास झालेल्याचें काय करावयाचें? तुरुंगांतून सुटलेल्या कांहीं ‘कबुली देणाऱ्यांनीं’ क्षमेच्या चिठ्ठ्या वांटावयास सुरुवात केली होती. एखाद्या चिठ्ठींत तर ‘अमुक व त्याची माणसें’ एवढाच मोघम उल्लेख असे. जुने विरोधक वडील या चिठ्ठ्यांवर वाटेल त्याला प्रभुभोजनास घेऊं लागले. रोममध्यें नोवेशियन याच्या बाजूचें मत याच्या अगदीं उलट होतें. पतितांना मंडळीनें कधींच परत घेऊं नये, त्यांचा न्याय ईश्वरावर सोडावा, असें ते म्हणत.

सिप्रियननें या दोन टोंकांमधली वाट धरली. दुःख सोसल्यानें कोणास दुसऱ्याचें पाप परस्पर पुसून टाकण्याचा अधिकार मिळत नाहीं, हें त्यानें मान्यवर रक्तसाक्षींच्या सोबत्यांनाहि आदरपूर्वक पण निक्षून सांगितलें. त्याचबरोबर पडण्या-पडण्यांत भेद आहे हेंहि त्यानें दाखविलें. जो बोलावण्यापूर्वींच धांवत गेला तो एक, आणि जो दीर्घकाळ यातना सोसून शेवटीं शरीर साथ देईना म्हणून कोसळला तो दुसरा. या दुसऱ्या प्रकारच्या मनुष्याविषयीं लिहितांना त्याची लेखणी एकदम मृदु होते. कास्तुस व एमिलियुस हे दोघे पहिल्या प्रसंगीं डळमळले आणि पुढें अग्नींत स्थिर राहिले, याची तो आठवण करून देतो. २५१ च्या परिषदेनें निर्णय केला, कीं ज्यांनीं केवळ दाखला घेतला होता त्यांना चौकशी करून परत घ्यावें. ज्यांनीं प्रत्यक्ष यज्ञ केला त्यांनीं पश्चात्तापांत रहावें व मरणसमयीं त्यांना क्षमा मिळावी. नंतर नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागतांच दुसऱ्या एका परिषदेनें सर्वच पश्चात्तप्तांना आंत घेतलें. ज्यांना लढावयास पाठवावयाचें त्यांना निःशस्त्र कसें ठेवावें, असा तिचा युक्तिवाद होता. मनुष्य एका कसोटीस उतरला नाहीं तरी त्याला दुसरी संधि असते, हें तत्त्व या वादांतून प्रस्थापित झालें. ज्या पेत्रानें आपल्या प्रभूला तीनदां नाकारलें त्याच पेत्राच्या नांवावर ज्या धर्माची परंपरा सांगितली जाते, त्याला हें तत्त्व नवें नव्हतें. पण कार्थेजला तें वर्षभराच्या भांडणांतून पुन्हां शिकावें लागलें.

हा वाद मिटतो न मिटतो तोंच महामारी आली. पुढें जवळजवळ वीस वर्षें ती सांथ साम्राज्यांत अधूनमधून उफाळत राहिली, आणि तिचें सर्वांत तपशीलवार वर्णन सिप्रियननें केलें असल्यामुळें इतिहासांत तिला त्याचेंच नांव पडलें आहे. अतिसारानें शरीर गळून जाई, घशांत व्रण पडत, वांतीनें आंतडीं पिळवटत, डोळे रक्तानें लाल होत. कित्येकांचे हातपाय सडून जात, जे वांचत त्यांतील कांहीं पंगु, बहिरे किंवा आंधळे होत. हा रोग कोणता, याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. देवी, गोवर, रक्तस्रावी ज्वर असे निरनिराळे तर्क झाले आहेत.

मंडळींत जी कुजबूज सुरू झाली ती फार मानवी होती. मूर्तिपूजक मरतात तसेच ख्रिस्ती लोकहि मरत होते. मग विश्वासाचा उपयोग काय? याहून चमत्कारिक तक्रार दुसरी होती. रक्तसाक्षी होण्यासाठीं ज्यांनीं मनाची तयारी केली होती ते म्हणत, कीं या रोगानें अंथरुणांत मरण येऊन तो मान हिरावला जात आहे. या दोन्ही तक्रारींना सिप्रियननें २५२ च्या सुमारास आपल्या मर्त्यतेवरील निबंधांत उत्तर दिलें. पहिलीला त्याचें उत्तर असें, कीं जोंपर्यंत मनुष्य या देहांत आहे तोंपर्यंत देहाचें दैव सर्वांना समान आहे. पीक बुडालें तर उपास सर्वांनाच घडतो, शत्रूनें शहर घेतलें तर बंदिवास सर्वांनाच येतो, जहाज खडकावर आपटलें तर प्रवाशांत भेद होत नाहीं. ख्रिस्ती झाल्यानें या सामायिक दैवांतून सुटका होईल असें ज्याला वाटलें, त्यानें धर्म चुकीच्या कारणासाठीं स्वीकारला. दुसरीला उत्तर याहूनहि मार्मिक आहे. रक्तसाक्षी होणें मनुष्याच्या हातचें नाहीं, तें ईश्वराचें देणें आहे. ईश्वराला भक्ताचें रक्त हवें नसून त्याचा विश्वास हवा आहे. दुःखाच्या वैभवाची हांव धरणारांना इतक्या सौम्य शब्दांत क्वचितच कोणीं जमिनीवर आणलें असेल.

परंतु त्या निबंधाचा गाभा आणखी पुढें आहे. ही सांथ माणसांची परीक्षा घेते, असें म्हणून तो परीक्षेचे प्रश्न एकेक करून मांडतो. निरोगी माणसें रोग्यांची शुश्रूषा करतात काय? नातेवाईक आपल्या माणसांवर खरेंच प्रेम करतात काय? धनी आजारी गुलामाची कींव करतात काय? वैद्य याचना करणाऱ्या रोग्याला टाकून जातात काय? या यादींत देवाच्या कोपाची मीमांसा नाहीं. कसोटी आकाशांतून खालीं उतरून शेजाऱ्याच्या अंथरुणाजवळ येऊन बसते. आणि विशेष हें, कीं येथें परीक्षा दुःख भोगणाऱ्याची जितकी, तितकीच तें पाहणाऱ्याचीहि आहे.

सिप्रियनचा सहकारी व चरित्रकार पोंटियस सांगतो, कीं शहरांतील लोक आपल्याच आप्तांना घराबाहेर टाकून पळत होते आणि रस्त्यांत प्रेतें पडलीं होतीं. अशा वेळीं बिशपनें मंडळीला एकत्र केलें व सांगितलें, कीं केवळ आपल्यांतल्यांची सेवा केली तर त्यांत नवल तें काय; ज्यांनीं कालपर्यंत छळलें त्यांचीहि सेवा झाली पाहिजे. मग कामें वांटून दिलीं गेलीं. ज्यांच्याजवळ धन होतें त्यांनीं धन दिलें, ज्यांच्याजवळ तें नव्हतें त्यांनीं अंगमेहनत दिली. जवळजवळ याच काळांत अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस यानेंहि तेथील ख्रिस्ती वडील, सेवक व साधीं माणसें रोग्यांची सेवा करतां करतां स्वतः मेलीं, असें लिहून ठेविलें आहे. हे सर्व साक्षीदार एकाच पक्षाचे आहेत, आणि दुसऱ्या पक्षाचें म्हणणें फारसें शिल्लक नाहीं, हें इतिहासाच्या वाचकानें विसरूं नये. मूर्तिपूजकांत कोणीच कोणाला पाणी पाजलें नसेल असें मानणें अन्यायाचें होईल. परंतु सेवेची वांटणी करून ती संघटितपणें, परक्यांसाठींहि चालविणें, ही गोष्ट त्या जगांत विरळा होती यांत शंका नाहीं. कांहीं वर्षांत न्युमिडियांतील टोळीवाल्यांनीं तेथील ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना पळवून नेलें, तेव्हां याच रोगग्रस्त मंडळीनें त्यांच्या सुटकेसाठीं १,००,००० सेस्टर्स गोळा करून पाठविले.

सिप्रियनच्या विचारांत विसंगति नव्हती असें मात्र नाहीं. डेशियसचा छळ हा शिथिल झालेल्या मंडळीला लागलेला ईश्वरी शासनाचा दंड होय, असें तो एके ठिकाणीं म्हणतो. दिमित्रियानुस नांवाच्या विरोधकानें युद्ध, दुष्काळ व रोगराई यांचा दोष ख्रिस्ती लोकांच्या माथीं मारला, तेव्हां तो उलट सांगतो, कीं जगच वृद्ध झालें आहे. आणि पुन्हां असेंहि म्हणतो, कीं मूर्तिपूजकांच्या हट्टामुळें देव कोपला आहे. स्वकीयांवर आलेली सांथ ही परीक्षा आणि परकीयांवर आलेली तीच सांथ ही शिक्षा, हा हिशेब निःपक्षपाती नव्हे. ईयोबाच्या मित्रांनीं हीच चूक केली होती. दुसऱ्याच्या जखमेवरून त्याचें पाप वाचण्याची संवय धर्मनिष्ठांत सहज बळावते. सिप्रियनच्या तर्कापेक्षां त्याची कृति मोठी, ती याच ठिकाणीं. ज्यांना तो लेखांत दंडपात्र ठरवीत होता, त्यांच्याच रोग्यांपाशीं त्यानें आपलीं माणसें पाठविलीं.

शेवटची परीक्षा त्याची स्वतःची होती. वॅलेरियन बादशहाच्या कारकीर्दींत ३० ऑगस्ट २५७ रोजीं त्याला अधिकाऱ्यापुढें उभें करून कुरुबिस या गांवीं हद्दपार केलें. पुढच्या वर्षीं अधिक कडक फर्मान आलें. त्याला पळून जाण्याचा आग्रह मित्र करीत होते. पूर्वीं एकदां तो गेलाहि होता. या वेळीं तो थोडा काळ लपला खरा, पण त्याचें कारण निराळें होतें. त्याला युटिका या दुसऱ्या शहरीं नेणार होते, आणि बिशपनें आपल्या शहरांत, आपल्या लोकांदेखत मरावें अशी त्याची इच्छा होती. प्रांताधिकारी कार्थेजला येतांच तोहि परत आपल्या बागेंतील घरीं आला. १४ सप्टेंबर २५८ रोजीं त्याला शिरच्छेदाची शिक्षा सुनावण्यांत आली. त्यानें ईश्वराचे आभार मानले. वधस्थळीं त्यानें मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणीं देण्यास आपल्या माणसांना सांगितलें, आपले डोळे आपल्या हातानें बांधले, आणि हात बांधण्याचें काम मात्र त्याच्या सहकाऱ्यांना करावें लागलें. रात्रीं मंडळीनें मशाली पेटवून त्याचा देह वाजतगाजत नेला. दोन वर्षांत वॅलेरियन इराणच्या कैदेंत पडला आणि त्याच्या मुलानें छळ थांबविला.

कार्थेजची कथा तेथेंच संपत नाहीं. चवथ्या शतकांत डोनाटस-पंथीयांनीं याच रक्तसाक्षींच्या नांवानें वेगळी चूल मांडली; त्यांच्यांतील कांहीं जहाल लोक तर मरण शोधीत फिरूं लागले. तेव्हां ऑगस्टीनला पुन्हां बजावावें लागलें, कीं मनुष्याला रक्तसाक्षीपण येतें तें त्याच्या यातनेमुळें नव्हे, तर ज्या कारणासाठीं तो ती सोसतो त्या कारणामुळें. दुःखाला स्वतःचें असें पावित्र्य नाहीं, हा धडा प्रत्येक पिढीस नव्यानें गिरवावा लागतो असें दिसतें.

या इतिहासांतून ख्रिस्ती दुःखविचाराचे तीन धागे हातीं येतात. फेलिसितासच्या उत्तरांत सोबतीचा विश्वास आहे, पतितांच्या वादांत पुन्हां उठण्याची मोकळीक आहे, आणि महामारीच्या निबंधांत शेजाऱ्याचें ऋण आहे. दुःख कां येतें, या प्रश्नाचें सिप्रियननें दिलेलें उत्तर आजच्या वाचकास पटेलच असें नाहीं. त्याला स्वतःलाहि एकच एक उत्तर सांपडलें नव्हतें. पण सांथीच्या दिवसांत त्यानें आपल्या मंडळीपुढें जे प्रश्न मांडले, ते जुने झालेले नाहींत, आणि ते कोणत्याहि धर्माच्या मनुष्याला आपल्या घराच्या उंबरठ्यावर उभें राहून स्वतःला विचारतां येण्यासारखे आहेत.